खाजगी शेतातील रानडुक्कर : उत्पन्नाची वाट की नुकसानीचा हिशेब?

परभणी जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या कसदार जमिनीचा व सपाट आहे. उत्तरेकडे जिंतूर तालुक्यात मात्र भूमीचे रूप पालटते. अजिंठ्याच्या डोंगररांगेचे पूर्वेकडे पसरलेले फाटे येथवर येऊन पोहोचतात. नेमगिरीच्या जैन लेण्यांभोवतीच्या टेकड्या, खडकाळ माळ, ओढ्याकाठी माजलेली वेडी बाभूळ आणि या साऱ्यांच्या मधून विखुरलेली कोरडवाहू शेते असे या परिसराचे स्वरूप आहे. पूर्णा नदीवरील येलदरी धरणाचा विस्तीर्ण जलाशय याच तालुक्यात असल्याने उन्हाळ्यातही वन्यप्राण्यांना पाण्याची ददात पडत नाही. पाणी, आडोसा आणि लगतच उभे पीक या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे रानडुक्कर तेथे वस्तीला येणार, हे सांगावयास तज्ज्ञाची गरज नाही.

या भागातील शेतकऱ्याला जागल नवी नाही. ज्वारी हुरड्यात आली की शेतात माळा उभारावा, दिवसा गोफणीने पाखरे हाकावीत आणि रात्री शेकोटी पेटवून राखण करावी, ही पिढ्यान्पिढ्यांची रीत होती. परंतु ती जागल हंगामातील काही दिवसांपुरती असे. आता खरिपात सोयाबीन व मका, त्यानंतर तूर व हरभरा, पाण्याची सोय असेल तेथे ऊस व हळद, असे कोणते ना कोणते पीक बारा महिने उभे असते आणि त्यामुळे जागलही संपत नाही. रात्रभर शेतात आणि दिवसभर पुन्हा शेतातच राबावयाचे, हा शीण पिकाच्या कोणत्याही हिशेबात मांडला जात नाही.

अशा स्थितीत ग्रामसभेत एखादा त्रासलेला शेतकरी उठून विचारतो, की जमीन माझी, पीक माझे, ते खाऊन माजलेले जनावर मात्र माझे का नाही? परदेशात शेतकरी आपल्या रानात शिकाऱ्यांना पैसे घेऊन सोडतात, मग जिंतूरच्या शेतकऱ्याने तसे उत्पन्न का मिळवू नये? हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. त्याला नुसते “कायद्याने बंदी आहे” असे उत्तर देऊन त्याला खाली बसविणे हेही योग्य नव्हे. तो प्रश्न उलगडून पाहिला पाहिजे.

प्राण्याचा स्वभाव

प्रथम ज्याच्यापासून उत्पन्नाची अपेक्षा करावयाची तो प्राणी कसा आहे हे पाहणे इष्ट ठरेल. रानडुकराची मादी पिलांसह कळपाने राहते. प्रौढ नर बहुधा एकटा हिंडतो. दृष्टी मंद, पण घ्राणेंद्रिय अतिशय तीक्ष्ण. जमिनीखालचा भुईमूग, पेरलेले बियाणे, कंद, मुळे, अळ्या व किडे हे सर्व त्याला वासाने समजते. अंगाला घाम फारसा येत नसल्याने उन्हाच्या दिवसांत चिखलात लोळल्यावाचून त्याचे चालत नाही. म्हणूनच ओढे, पाझर तलाव व जलाशयाचे काठ त्याला प्रिय असतात. दिवसा गचपणात किंवा उंच उसात पडून राहावयाचे आणि अंधार पडला की बाहेर निघावयाचे, हा त्याचा नित्यक्रम होय. घनदाट अरण्याची त्याला आवश्यकता नाही. परभणीसारख्या अत्यल्प वनक्षेत्राच्या जिल्ह्यात त्याचा उपद्रव का, या प्रश्नाचे उत्तर यातच आहे.

दुसरी महत्त्वाची गोष्ट त्याच्या प्रजोत्पादनाची. गर्भकाळ सुमारे चार महिन्यांचा असतो व एका वेतात सामान्यतः चार ते सहा पिले होतात. अंगावर पट्टे असलेली ही पिले वर्ष-दीड वर्षात स्वतः प्रजननक्षम होतात. लांडगा व बिबट्या हे त्याचे नैसर्गिक शत्रू शेतीच्या मुलखातून जवळजवळ हटले आहेत. याचा अर्थ असा, की एखाद्या शिवारात वर्षाकाठी दोन-चार डुकरे मारली गेली तरी ती तूट पुढील एका वेतातच भरून निघते. उरलेला कळप मात्र बुजतो, फुटतो आणि शेजारच्या शिवारात जातो. छंद म्हणून किंवा मांसासाठी केलेल्या तुरळक शिकारीने पीक वाचत नाही, याचे कारण हे आहे.

परदेशातील दाखले

शिकारीच्या उत्पन्नाचा दाखला देताना बहुधा अमेरिकेतील टेक्सास राज्याचे नाव घेतले जाते. तेथे डुक्कर हा मूळचा प्राणी नव्हे. युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांनी पाळीव डुकरे आणली, त्यांतील काही मोकाट सुटून रानटी झाली आणि पुढे शिकारीसाठी आणलेल्या युरोपीय रानडुकरांशी त्यांचा संकर झाला. तेथील कायद्याच्या दृष्टीने हा प्राणी परका व उपद्रवी आहे. २०१९ पासून तर टेक्सासमध्ये जमीनमालकाच्या संमतीने खाजगी जमिनीवर डुकराची शिकार करण्यास शिकारीच्या परवान्याचीही गरज राहिलेली नाही. शेकडो, हजारो एकरांची कुरणे असलेले मालक शिकाऱ्यांकडून शुल्क घेतात, त्यांच्या राहण्याजेवणाची सोय करतात आणि त्यातून जोडउत्पन्न मिळवितात. एवढी हकिगत खरी आहे.

मात्र हकिगत येथेच संपत नाही. जे जनावर पैसे मिळवून देते ते नाहीसे व्हावे असे कोणाला वाटेल? टेक्सासच्या पूर्वेस असलेल्या टेनेसी राज्याचा अनुभव या बाबतीत डोळे उघडणारा आहे. डुकरांचा बंदोबस्त व्हावा या हेतूने त्या राज्याने १९९९ साली संपूर्ण राज्यात, वर्षभर, संख्येच्या मर्यादेविना शिकारीस मोकळीक दिली. परिणाम उलटाच झाला. शिकारीची हौस भागावी म्हणून लोकांनी डुकरे जिवंत पकडून नव्या ठिकाणी नेऊन सोडली आणि पूर्वी मोजक्या काउंटींत असलेला हा प्राणी २०११ पर्यंत सुमारे ८० काउंटींत पोहोचला. अखेर त्याच वर्षी तेथे हौशी शिकारीचे धोरण रद्द करून शिकार ही केवळ जमीनमालकाच्या नुकसान-नियंत्रणापुरती मर्यादित करावी लागली.

जर्मनीतील व्यवस्था याहून वेगळी व अधिक शिस्तीची आहे. तेथे शिकारीचा हक्क जमिनीच्या मालकीशी जोडलेला आहे. परंतु तो स्वतंत्रपणे बजावण्यासाठी एकसलग किमान ७५ हेक्टर जमीन लागते. त्याहून लहान जमिनींच्या मालकांची गावपातळीवर एक सामाईक संस्था असते. ती संस्था शिकारीचा हक्क साधारणतः नऊ वर्षांच्या किंवा अधिक मुदतीच्या करारावर देते आणि येणारे भाडे सभासदांत वाटते. सहकाराची परंपरा असलेल्या महाराष्ट्रातील वाचकाला ही कल्पना सहज पटण्याजोगी आहे. मात्र तिच्यासोबत येणारी जबाबदारीही ध्यानात घेतली पाहिजे. रानडुकरांनी पिकाचे नुकसान केले तर त्याची भरपाई त्या सामाईक संस्थेस द्यावी लागते आणि करारान्वये ती बहुधा शिकारीचा हक्क घेणाऱ्यावर टाकलेली असते. म्हणजे हक्क व भुर्दंड एकाच दोरीने बांधलेले आहेत. शिवाय शिकार करणाऱ्यास कठीण परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते आणि मांस विक्रीस जाण्यापूर्वी त्याची रोगतपासणी होते.

सरासरी धारणा दोन-चार एकरांची, गट नंबरांच्या बांधाला बांध लागलेला, रात्री प्रत्येक दुसऱ्या शेतात कोणी तरी राखणीला झोपलेला, अशी जिंतूरसारख्या तालुक्यातील परिस्थिती आहे. अशा शिवारात बंदुकीची गोळी डुकरालाच लागेल याची हमी कोण देणार?

आपला कायदा काय म्हणतो

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ साली संमत झाला तेव्हा त्यात शिकारीस सरसकट मज्जाव नव्हता. विशिष्ट वर्गातील प्राण्यांची शिकार परवाना घेऊन करता येत असे आणि रानडुक्कर अशाच वर्गात होते. जुन्या पिढीतील अनेकांच्या मनात “परवाना काढला की शिकार चालते” ही समजूत रुजलेली आहे, ती त्या काळातील होय. १९९१ च्या दुरुस्तीने कलम ९ बदलले, शिकारीचे परवाने बंद झाले आणि अनुसूचित वन्यप्राण्यांच्या शिकारीस मनाई हा नियम ठरला. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आली. तिने अनुसूचींची फेरमांडणी केली आणि पूर्वी तिसऱ्या अनुसूचीत असलेले रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आले.

“शिकार” या शब्दाची कायद्यातील व्याख्याही समजून घेतली पाहिजे. केवळ बंदुकीने मारणे म्हणजे शिकार नव्हे. फास लावणे, सापळ्यात धरणे, विष घालणे, हाका करून प्राण्याला पाठलागावर नेणे, इतकेच नव्हे तर यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे, हे सर्व शिकारीत मोडते. जमीन खाजगी आहे की शासकीय याने त्यात काहीही फरक पडत नाही. सातबाऱ्यावरील नाव जमिनीचा हक्क देते, तिच्यावरून जाणाऱ्या वन्यप्राण्याचा नव्हे. दुसऱ्या अनुसूचीतील प्राण्याच्या बेकायदा शिकारीस तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचविण्यासाठी सद्भावनेने केलेला प्रतिकार मात्र गुन्हा ठरत नाही.

आता उत्पन्नाच्या दृष्टीने सर्वांत निर्णायक असे कलम ३९. या कलमान्वये शिकार झालेला, मृत सापडलेला किंवा चुकीने मारला गेलेला वन्यप्राणी ही राज्य शासनाची मालमत्ता होय. रीतसर परवानगीने मारलेले रानडुक्करही यास अपवाद नाही. ज्याच्या ताब्यात असा प्राणी वा त्याचा भाग आला असेल त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यास किंवा प्राधिकृत अधिकाऱ्यास खबर दिली पाहिजे. तात्पर्य, मांस, सुळे, केस किंवा चरबी विकून मिळणारा पैसा हा भारतात शेतकऱ्याचे उत्पन्न होऊच शकत नाही. गावात चोरून वाटा पडतो, किलोमागे भाव ठरतो, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु विकणारा व विकत घेणारा असे दोघेही गुन्ह्यात सापडतात. आरोग्याचा धोका वेगळाच. न तपासलेल्या रानडुकराच्या मांसातून कृमींचे विकार माणसास होऊ शकतात. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा रोग माणसाला होत नाही, परंतु २०२० साली ईशान्य भारतात तो प्रथम आढळल्यापासून वराहपालकांची मोठी हानी झाली आहे आणि रोगट रानडुकराचे मांस इकडून तिकडे नेणे म्हणजे पाळीव डुकरांवर जीव जगविणाऱ्या कुटुंबांच्या दारात तो रोग नेऊन सोडणे होय.

तारेतील वीज

या विषयातील सर्वांत गंभीर बाब शिकारीच्या उत्पन्नाची नसून, नाइलाजाने केल्या जाणाऱ्या एका उपायाची आहे. शेताभोवती उघडी तार ओढून तिच्यात थेट खांबावरील किंवा मोटारीच्या पेटीतील वीज सोडण्याचा प्रकार राज्याच्या अनेक भागांत आढळतो. २३० व्होल्टचा अखंड प्रवाह स्नायू आखडवून धरतो. एकदा चिकटलेला जीव सुटत नाही. अशा तारांना चिकटून डुकरांबरोबर वाघ-बिबटे मेले आहेत, गुरे मेली आहेत आणि माणसेही मेली आहेत. मरणारा अनेकदा शेजारचा शेतकरी असतो, पहाटे पाणी देण्यास गेलेला. किंवा तार लावणारा स्वतःच असतो, वीज बंद करावयास विसरलेला. नंतर वीजचोरीचा, वन्यजीव अधिनियमाखालील आणि मनुष्यहानीचा असे वेगवेगळे गुन्हे एकाच घरावर येऊन पडतात. पाच-दहा हजारांच्या पिकासाठी दोन कुटुंबे उद्ध्वस्त होतात.

सौरऊर्जेवरील कुंपण म्हणजे हीच तार, असा एक गैरसमज आहे. तो शाळेतील विज्ञानाच्या तासाला सहज दूर करता येईल. सौरकुंपणात बॅटरीवर चालणारे एक यंत्र साधारण सेकंदाला एकदा, अत्यंत अल्पकाळ टिकणारा उच्च दाबाचा झटका सोडते. दोन झटक्यांमधील काळात तारेत प्रवाह नसतो, त्यामुळे प्राणी दचकून मागे हटतो, मरत नाही. दाब किती हे महत्त्वाचे नसून प्रवाह किती वेळ वाहतो हे महत्त्वाचे आहे. मात्र हे यंत्र प्रमाणित असले पाहिजे; घरगुती जोडणी करून बनविलेला “झटका” हा सौरकुंपण नव्हे.

परवानगीचा मार्ग

रानडुक्कर मनुष्यास अथवा उभ्या पिकासह मालमत्तेस धोकादायक झाले असेल तर कलम ११ अन्वये मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्याने प्राधिकृत केलेला अधिकारी कारणे नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतो. महाराष्ट्रात रोही व रानडुक्कर यांच्याबाबत अशा परवानगीची कार्यपद्धती २०१५ साली शासननिर्णयाने घालून देण्यात आली. शेतकऱ्याने अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे करावयाचा असतो. परवानगी मिळाली तरी बंदूक चालविणाऱ्याकडे शस्त्र परवाना असावा लागतो, आणि मारलेला प्राणी शासनाच्याच ताब्यात जातो. पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळण्याची तरतूद १९५९ च्या शस्त्र अधिनियमात आहे. परंतु असा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. या दोन कागदांची गल्लत केल्यामुळे प्रामाणिक माणसेही अडचणीत येतात.

कलम ६२ खाली केंद्र शासन एखाद्या प्राण्यास ठरावीक क्षेत्रापुरते व ठरावीक मुदतीपुरते “उपद्रवी” घोषित करू शकते. बिहारमध्ये डिसेंबर २०१५ मध्ये रोही व रानडुक्कर यांच्यासाठी आणि उत्तराखंडात फेब्रुवारी २०१६ मध्ये रानडुकरासाठी काही जिल्ह्यांत वर्षभराच्या अशा अधिसूचना निघाल्या. केरळची अशी मागणी मात्र केंद्राने मान्य केली नाही. तेव्हा त्या राज्याने मे २०२२ मध्ये वेगळी वाट काढली: ग्रामपंचायतीच्या अध्यक्षासह स्थानिक संस्थांच्या प्रमुखांना मानद वन्यजीव रक्षक नेमून त्यांना आपापल्या हद्दीत परवानगी देण्याचा अधिकार दिला. विष, स्फोटके व वीज यांचा वापर तेथेही निषिद्ध आहे आणि मृत जनावर पुरून टाकावे लागते. परवानाधारक बंदूकवाल्यास मानधन मिळते. भारतात रानडुक्कर मारून कायदेशीरपणे हाती येणारा पैसा शोधावयाचाच तर तो एवढाच, आणि तो शेतकऱ्याचा नव्हे. पंचायत सदस्यांनी या प्रयोगाकडे लक्ष ठेवण्याजोगे आहे. मात्र महाराष्ट्रातील सरपंचास असा अधिकार आहे, असा समज कोणी करून घेऊ नये.

हक्काचा पैसा

शिकारीचे उत्पन्न हे अशा प्रकारे मृगजळ ठरते. मग शेतकऱ्याच्या हाती कोणता पैसा येऊ शकतो? जो येऊ शकतो, पण पुष्कळदा कागदाअभावी येत नाही, तो नुकसानभरपाईचा.

समजा, एका कोरडवाहू शेतकऱ्याचे एकरभर सोयाबीन आहे आणि काढणीपूर्वी दोन रात्रींत कळपाने त्यातील दोन क्विंटलांचे पीक तुडविले व उकरले. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनची आधारभूत किंमत क्विंटलला ५,३२८ रुपये होती. त्या भावाने त्याचे १०,६५६ रुपये बुडाले. बियाणे, खत, मजुरी हा खर्च तर झालेलाच आहे. म्हणजे बुडालेली ही रक्कम जवळजवळ सर्वच्या सर्व त्याच्या निव्वळ मिळकतीतून जाते. हाच शेतकरी चोरून मारलेल्या डुकराच्या वाट्याचे पाच-सातशे रुपये घेऊन भरपाईचा अर्ज मात्र करीत नसेल तर हिशेब कोठे चुकला हे सांगणे नलगे.

राज्यात वन्यप्राण्यांमुळे झालेल्या पीकहानीसाठी वनविभागाकडून भरपाई दिली जाते. रानडुकराचा त्यात समावेश आहे. २०२३ साली तर वन्यप्राण्यांच्या हल्ल्यामुळे होणारी हानी, इजा किंवा नुकसान यांच्या भरपाईसाठी राज्याने स्वतंत्र अधिनियमच केला आणि विहित मुदतीत रक्कम न मिळाल्यास व्याजाचीही तरतूद केली. याचा व्यावहारिक अर्थ असा, की भरपाई ही मेहेरबानी राहिली नसून हक्क झाली आहे. परंतु हक्काला तारीख असते. घटना घडल्यापासून तीन दिवसांच्या आत जवळच्या वन अधिकाऱ्याकडे तक्रार पोहोचली पाहिजे. शेतकरी पहिला दिवस हळहळण्यात घालवितो, दुसरा शेत पुन्हा सावरण्यात, तिसऱ्या दिवशी बाजार असतो. चौथ्या दिवशी कोणी सुचविले म्हणून तो कचेरीत जातो तेव्हा वेळ टळून गेलेली असते. या एका ठिकाणी ग्रामपंचायतीचे व शिक्षकांचे साहाय्य खरोखर मोलाचे आहे. कोऱ्या अर्जांचा गठ्ठा पंचायतीच्या कपाटात असावा, अर्ज भरून देणारा हात गावातच असावा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच व तारीख घेतल्याशिवाय शेतकऱ्याने परतू नये.

अर्जासोबत सातबारा व आठ-अ उतारा, बँक खात्याचा तपशील व नुकसानीची छायाचित्रे जोडावीत. २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली आहे. उताऱ्यावर पिकाची नोंदच नसेल तर नुकसान कशाचे हा प्रश्न पंचनाम्याच्या वेळी उभा राहतो. म्हणून ती नोंद हंगामाच्या सुरुवातीसच व्हावयास हवी. वनजमिनीवर अतिक्रमण करून घेतलेल्या पिकास भरपाई मिळत नाही, हेही आधीच सांगितलेले बरे. पीकविम्याच्या बाबतीतही बदल झालेला आहे. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत वन्यप्राण्यांनी केलेले नुकसान हे स्थानिक आपत्तीत धरण्याचा निर्णय केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला आणि तो २०२६ च्या खरिपापासून लागू करण्याचे ठरविले. कोणते प्राणी व कोणते जिल्हे त्यात येतील हे राज्याने अधिसूचित करावयाचे असून नुकसानीची सूचना ७२ तासांत विम्याच्या मोबाइल ॲपवरून द्यावयाची आहे. तीन दिवस येथेही तितकेच महत्त्वाचे.

खुणा वाचणे

पंचनाम्यात नुकसान कोणी केले हा वादाचा मुद्दा असतो. पाळीव जनावरांनी केलेल्या नासाडीस भरपाई नसल्याने अधिकाऱ्यास खात्री करून घ्यावीच लागते. खुणा स्पष्ट असल्या म्हणजे काम सोपे होते. रानडुकराच्या पावलात पुढे दोन खुरांचे आणि मऊ मातीत त्यांच्या मागे दोन्ही बाजूंस लहान उपखुरांचे ठसे उमटतात. ते मुस्कटाने जमीन उकरते, त्यामुळे नांगराचा फाळ वेडावाकडा फिरावा तशी माती उलथलेली दिसते. रोही उभ्यानेच शेंडे खुडते आणि एकाच जागी लेंड्यांचा ढीग करते. सायाळ मुळे व खोडे कुरतडते, दातांच्या खुणा ठेवते आणि कधी एखादा काटा टाकून जाते. मक्याची ताटे मोडून कणसे चिखलात तुडविलेली असतील तर बहुधा ते काम डुकराच्या कळपाचे असते. खेड्यातील मुलांना यांतील पुष्कळ गोष्टी अगोदरच माहीत असतात; शिक्षकाने त्या वहीत उतरवून घ्याव्यात इतकेच. पंचनामा होईपर्यंत नासलेला भाग वखरू नये, ठशांवर एखादे टोपले पालथे घालून ठेवावे आणि छायाचित्रात बांध किंवा झाड असे ओळखीचे काही तरी यावे.

कुंपणाचा विचार

भरपाई कितीही वेळेवर मिळाली तरी ती संपूर्ण पिकाची बरोबरी करीत नाही. म्हणून पीक वाचविणे हेच मुख्य काम राहते. येथे एकट्याचा उपाय अपुरा पडतो. एका शेतकऱ्याने सौरकुंपण घातले तर कळप शेजाऱ्याच्या शेतात शिरतो आणि शेजारी तार ओढतो. माळाच्या किंवा ओढ्याच्या बाजूने दहा-पंधरा शेतांना मिळून एकच सलग कुंपण घातले तर खर्च वाटला जातो आणि बॅटरीची देखभाल, तारेखालचे गवत कापणे ही कामे पाळीने करता येतात. गवत तारेला टेकले की झटक्याचा जोर जमिनीत जिरतो. कुंपण “चालत नाही” अशी तक्रार येते तेव्हा निम्म्या वेळा कारण हेच निघते. वनालगतच्या संवेदनशील गावांसाठी सौरकुंपणास अनुदान देणारी योजना वनविभागाची आहे. आपले गाव तिच्या यादीत आहे किंवा कसे, याची चौकशी पंचायतीने करावी. जुन्या साड्यांचे कुंपण, केस पसरणे, मिरचीचा धूर या उपायांचा गुण काही दिवसच येतो. डुक्कर चतुर असते, ते लवकर सरावते. म्हणून असे उपाय आलटून पालटून आणि पीक पक्व होण्याच्या ऐन दिवसांतच करावेत.

एक उपाय मात्र परभणीच्या मातीतलाच आहे. रब्बी ज्वारीच्या शेताभोवती काटेरी करडईच्या काही ओळी पेरण्याची मराठवाड्याची जुनी पद्धत होती. तिचा मूळ हेतू मोकाट गुरांना अडविण्याचा. करडईचे काटे पीक पक्व होताना टणक होतात आणि त्या दाटीत मुस्कट खुपसणे डुकरालाही नकोसे होते. भुईमुगाभोवती करडई पेरण्याची शिफारस संशोधकही करतात. ज्वारी-करडईचे क्षेत्र घटून सोयाबीन-हरभरा आला तसा हा काटेरी पट्टाही शिवारातून नाहीसा झाला. परभणी येथे १९७२ साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठात करडईवर दीर्घकाळ संशोधन झालेले आहे आणि ‘परभणी कुसुम’ हे वाण तेथलेच. या पट्ट्यातून तेलबियांचे उत्पन्न येते ते वेगळेच. खरिपात हा उपाय लागू पडत नाही, कारण करडई रब्बीचे पीक आहे. त्या हंगामात मक्याभोवती एरंडाच्या दाट ओळी लावून पाहाव्यात. करडईची पेरणी साधारणतः सप्टेंबरअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत होते. हरभऱ्याच्या शेताभोवती ती आधी पेरली तर हरभरा घाटे धरू लागेपर्यंत पट्टा उंच व काटेरी झालेला असतो. माळाकडील बाजूस चार ओळी आणि इतर बाजूंस दोन ओळी टाकाव्यात. ओढ्याकडून येणारी डुकरांची रुळलेली वाट जेथे बांध ओलांडते तेथे मात्र ओळी वाढवून सौरतारेची जोड द्यावी लागेल.